चालू करणं आणि दुरुस्त करणं

गेल्या वर्षी मृगाच्या आदल्या आठवड्यात थोरला मुलगा मोटरसायकल ढकलत घरी आला. अंगावर कुठे खरचटलेलं नव्हतं, पण चेहरा पांढराफटक पडला होता. सांगलीहून मिरजेला येताना एक म्हातारी अचानक रस्त्यात आली. त्यानं पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट मुठीला जाऊन टेकला. गाडी थांबेचना. मागच्या ब्रेकवर आणि नशिबावर ती दुभाजकाला घासत कशीबशी थांबली. म्हातारीला धक्का लागला नाही. तिनं त्याला चार शिव्या दिल्या आणि ती आपल्या वाटेनं निघून गेली.

पाणी प्यायल्यावर तो एवढंच म्हणाला, "अब्बा, ब्रेक तर मागच्या महिन्यातच दुरुस्त केला होता ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला बरंच काही उलगडत गेलं. थोडं ब्रेकविषयी, थोडं आपल्या समाजाविषयी आणि बरंचसं स्वतःविषयी. म्हणून हे लिहितोय.

गाडी वडिलांची. 2000 साली घेतलेली हिरो होंडाची सीबीझेड. 1999 मध्ये ती बाजारात आली तेव्हा 100 सीसीच्या गाड्यांची सवय असलेल्या रस्त्यावर 156 सीसीचं इंजिन आणि पुढच्या चाकाला चकचकीत डिस्क, हे सगळंच नवलाचं होतं. जगाला ते नवल जुनं होतं. लॅम्ब्रेटानं 1962 च्या एका स्कूटरला पुढे डिस्क ब्रेक दिला होता आणि 1969 मध्ये होंडाच्या सीबी 750 नं तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर मोटरसायकलला आणला. आपल्याकडे मात्र सामान्य माणसाच्या दारात डिस्क यायला शतक संपत आलं. वडील गाडी धुताना त्या डिस्कवर पाणी पडलं की फडक्यानं पुसून काढायचे. गल्लीतली पोरं आता त्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात. कायद्याच्या भाषेत तिला अजून तो मान नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झाल्यावरच वाहनाला ही पदवी मिळते. पण वडील गेले, ते मॉडेल केव्हाच बंद झालं, आणि घरात त्यांची चालती-बोलती अशी एवढीच वस्तू उरली. तेव्हा आमच्यापुरती ती व्हिंटेजच.

आता मागच्या महिन्यातली ती 'दुरुस्ती'.

ब्रेक दाबला की करकर आवाज यायचा म्हणून मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली होती. तिथे काम करणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. पाचवी ते आठवी माझ्या हाताखाली शिकला. उर्दू त्याला सुरेख यायचं, मराठीचं शुद्धलेखन कच्चं. आठवीनंतर शाळा सुटली. कारण नेहमीचंच. घरात चार तोंडं आणि वडिलांना दमा. मला पाहून त्यानं स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि काम हातात घेतलं. मी म्हणालो, "बेटा, फार खर्चात पाडू नकोस. आहे त्यात भागव."

त्यानं भागवलं. पॅड काढून कानशीनं घासले, डिस्कवर पॉलिश पेपर मारला, वरच्या टाकीत तेल कमी दिसलं तर शेजारच्या बाटलीतलं तेल ओतलं. आवाज बंद झाला. 150 रुपये झाले. मी पाठ थोपटली. वीस मिनिटांत गाडी चालू!

प्रसंग घडल्यावर मी गाडी दुसरीकडे नेली. मिरजेत सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. त्यांचं तारुण्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं. त्यांचे वस्ताद पांचाळ होते आणि त्यांचा उल्लेख करताना चाचा आजही कानाच्या पाळीला हात लावतात.

चाचांनी आधी गाडीला हात लावलाच नाही. मुलाला विचारलं, "घरी आल्यावर अर्ध्या तासानं लिव्हर पुन्हा बरा लागला का?" मुलगा चकित झाला. तसंच झालं होतं. चाचा म्हणाले, "हीच खरी धोक्याची गोष्ट. थंड झाला की ब्रेक आपला गुन्हा लपवतो."

मग त्यांनी कॅलिपर उघडला. दोन पॅडपैकी एक जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजलेला, दुसरा अर्धा शिल्लक. "असं दिसलं की समजायचं, कॅलिपर सरकत नाही." या प्रकारच्या ब्रेकमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. पिना गंजल्या की सगळा भार एका पॅडवर येतो. आमच्या पिनांवरचं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं.

मग डिस्क. मी खिशातून व्हर्नियर काढला. शाळेच्या प्रयोगशाळेतून मुद्दाम नेला होता, जरा ऐटीतच. चाचा हसले. झिजलेल्या डिस्कला कडेला एक उंच धार राहते, कारण पॅड काठापर्यंत पोचत नाही. व्हर्नियरचे लांब जबडे त्या धारेवर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. त्यांनी मायक्रोमीटर घेतला आणि धारेच्या आत, पॅड जिथे घासतो तिथे, सहा ठिकाणी मोजलं. डिस्कवर बारीक अक्षरांत किमान जाडी कोरलेली होती, 3.5 मिलिमीटर. पंचवीस वर्षं ती अक्षरं आमच्या घरात होती आणि कुणी वाचली नव्हती. मायक्रोमीटरवर सर्वांत कमी आकडा आला 3.1.

"लेथवर घासून सपाट करून घेऊ का?" मी विचारलं. डिस्क वाचावी असं फार वाटत होतं. वडिलांनी पुसलेली डिस्क होती ती.

"मास्तर, भाकरी पातळ झाली म्हणून अजून थापतात का?" ते म्हणाले. ब्रेक लागतो म्हणजे गाडीच्या धावेचं रूपांतर उष्णतेत होतं आणि ती उष्णता पहिल्यांदा डिस्कला सोसावी लागते. डिस्क जितकी पातळ, तितकी ती लवकर तापणार, वाकणार, कधी तडकणार. मर्यादेच्या वर असलेली डिस्क एकवेळ घासून घेता येते. मर्यादेखाली गेलेली डिस्क म्हणजे भंगार. तिला वेल्डिंग करणं, भर टाकणं असले प्रकार तर बोलूच नयेत.

शेवटी पिस्टन. कॅलिपरमध्ये कापड धरून लिव्हरनंच तेल दाबत त्यांनी पिस्टन बाहेर काढले. वरचा मुलामा उडून गंजाचे खड्डे पडलेले. आणि त्यांच्याभोवतीची रबरी सीलं फुगून ढेपेसारखी मऊ. चाचांनी एक सील बोटांत धरून दाबलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "यात कुणी इंजिनाचं, शॉकॲब्सॉर्बरचं, असलं काही तेल घातलंय."

तिथे मला सगळं समजलं. ब्रेक ऑइल आपण म्हणतो खरं, पण बहुतेक गाड्यांत ते खनिज तेल नसतंच. ते ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव असतं आणि आतली रबरं त्याच्याशीच जुळणारी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे खेचायला वेगळी स्प्रिंग नसते. पिस्टन पुढे जाताना चौकोनी काटछेदाचं ते सील जरासं पिळलं जातं, लिव्हर सोडला की आपल्या जागी परततं आणि येताना पिस्टनला केसभर मागे आणतं. एवढ्या साध्या युक्तीवर सगळा खेळ चालतो. सील फुगलं की पिस्टन मागे येत नाही. ब्रेक सतत थोडा लागलेला राहतो. डिस्क तापते, कॅलिपर तापतो, आतलं द्रव तापतं. त्यातच हे द्रव हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. आमचं द्रव किती वर्षांचं होतं कोण जाणे, रंग चहासारखा झाला होता. ते उकळलं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मुलानं लिव्हर ओढला तेव्हा तो डिस्क पकडत नव्हता, वाफ दाबत होता. घरी येईपर्यंत सगळं थंड झालं, वाफेचं पुन्हा द्रव झालं आणि ब्रेक निरागस चेहऱ्यानं उभा राहिला.

टाकीतलं तेल कमी का झालं होतं, तेही चाचांनी सांगितलं. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे येतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला वरचं तेल खाली उतरतं. म्हणजे टाकीतली घट हा पॅड झिजल्याचा निरोप होता. माझ्या विद्यार्थ्यानं तो निरोप वाचला नाही, पुसून टाकला.

पुढचे तीन दिवस मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसलो. त्याच मापाची, छिद्रांचं अंतर जुळणारी नवी डिस्क मागवली. नवे पिस्टन, नवी सीलं, नवे पॅड, नवी रबरी नळी, मास्टर सिलिंडरचे नवे वॉशर. खनिज तेल लागलेलं एकही रबर चाचांनी परत बसवू दिलं नाही. सील बसतं त्या खाचेतला पांढरा खार लाकडी काडीनं कोरून काढला. मास्टर सिलिंडरच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. लिव्हर सोडला की तेल तिथून टाकीत परततं. ते बुजलं तरी ब्रेक अडकून राहतो. ते साफ केलं. पिनांना साधं ग्रीस न लावता ब्रेकचं खास ग्रीस लावलं. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो स्पिरिटनं पुसला. बोल्ट आडव्या-उलट्या क्रमानं, मोजक्या जोरानं आवळले. मग पारदर्शक नळी लावून हवा काढायचं काम: लिव्हर दाबा, निपल उघडा, बंद करा, मग लिव्हर सोडा. शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. टाकीच्या रंगावर एक थेंब पडला तर चाचा लगबगीनं पाणी घेऊन धावले, कारण हे द्रव रंग खातं. आणि गाडी हातात देताना मुलाला ताकीद दिली: पहिले काही दिवस हळू वेगात, हलक्या हातानं वारंवार ब्रेक लाव. पॅड आणि डिस्क यांची ओळख होऊ दे.

मजुरी विचारली तर म्हणाले, 600. तीन दिवसांची! आणि मी, एक शिक्षक, सवयीनं म्हणालो, "चाचा, जरा कमी करा की." तोंडातून शब्द निघाले आणि माझीच मला लाज वाटली. डिस्कच्या किमतीवर मी घासाघीस केली नव्हती. पॅडच्या पाकिटावर छापलेली किंमत निमूट दिली होती. फक्त माणसाच्या हाताची किंमत तेवढी मला जास्त वाटली.

इथून माझं म्हणणं सुरू होतं.

मी भाषा शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. 'दुरुस्त' हा शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला. त्याचा अर्थ योग्य, बरोबर, नीट. दुरुस्ती म्हणजे वस्तू जशी असायला हवी तशी करणं. 'चालू करणं' ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या विद्यार्थ्यानं ब्रेक चालू केला होता. चाचांनी तो दुरुस्त केला. आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो आणि दोन्हीची एकच किंमत द्यायला बघतो, तीही कमी असलेली. मग चालू करणारे वाढतात आणि दुरुस्त करणारे एकेक करून दुकान बंद करतात.

आपल्या समाजात हुनराविषयी दोन बोलणी ऐकू येतात. एक सुशिक्षितांचं: "आपली पोरं पंक्चर काढण्यातच जाणार." त्यात गॅरेजच्या कामाविषयी घृणा असते. दुसरं मोहल्ल्यातलं: "शिकून कुणाला नोकरी लागलीय? त्यापेक्षा हातात हुनर बरा." त्यात शाळेविषयी हताशा असते. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानं मुस्लिमांचं स्वयंरोजगारातलं मोठं प्रमाण आणि शिक्षणातली गळती ही दोन्ही दुखणी देशासमोर मांडली. त्यावर भाषणं पुष्कळ झाली. पण वरची दोन्ही बोलणी एकच चूक करतात. दोघांनाही वाटतं की हात आणि अक्षर या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक धरली की दुसरी सोडायची.

माझ्या विद्यार्थ्याचा हात वाईट नाही. चाचांनीच सांगितलं, कॅलिपर त्यानं सफाईनं बसवला होता. तो चुकला तो वाचण्यात. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं की डॉट 3 किंवा डॉट 4 च वापरा, तेही बंद बाटलीतलंच. ते इंग्रजीत असतं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तीही इंग्रजी आद्याक्षरांत. मी त्याला चार वर्षं भाषा शिकवली. गझलेतला काफिया ओळखायला शिकवलं, समास सोडवायला शिकवलं. बाटलीवरचा मजकूर शोधून वाचायचा असतो, कळला नाही तर विचारायचा असतो, ही सवय लावली नाही. ब्रेक ज्यानं बिघडवला त्याच्या यादीत माझंही नाव आहे, आणि दोनदा आहे. एकदा शिक्षक म्हणून, एकदा 'आहे त्यात भागव' म्हणणारा गिऱ्हाईक म्हणून.

कुणी म्हणेल, चाचा तरी कुठे फार शिकलेत? खरं आहे, ते सातवी पास आहेत. पण त्यांना वस्ताद मिळाले. उस्तादचं मराठीत वस्ताद झालं ते आखाड्यात आणि कारखान्यात. वस्तादाच्या हाताखाली दहा-बारा वर्षं काढली की 'का' हा प्रश्न विचारायची सोय असते. आजच्या गॅरेजमध्ये पोरगा सहा महिन्यांत स्वतंत्र काम करू लागतो, कारण गिऱ्हाईक दारात हॉर्न वाजवत उभं असतं. वस्तादही नाही आणि पुस्तकही नाही, अशा जागी उरतो तो फक्त जुगाड.

जुगाडाचं आपण फार कौतुक केलं. अडचणीत डोकं चालवणं ही चांगलीच गोष्ट आहे. रस्त्यात क्लचची तार तुटली आणि कुणी सुतळी बांधून घरी पोचवलं, तर त्याला दाद द्यावी. पण घरी पोचल्यावर ती सुतळी काढायची असते. ब्रेक ही तर सुतळीची जागाच नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. त्यातले सगळे ब्रेकमुळे गेले असं मुळीच नाही. पण दुचाकी किती जीव घेते हे माहीत असताना तिच्या ब्रेकवर 'भागव' म्हणणं, हे माझ्या मते गुन्ह्याच्या जवळ जाणारं आहे.

धर्माच्या भाषेत बोलायचं तर, कुराणच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचा उल्लेख येतो. त्यांच्यासाठी लोखंड मऊ केलं गेलं आणि त्यांना चिलखतं बनवायला सांगितलं गेलं. हा भाग आपल्या तकरीरींत येतो, लोखंड मऊ झालं या चमत्कारावर सगळे सुभानअल्लाह म्हणतात. पण त्याच ठिकाणी कड्या अंदाज घेऊन, बेतानं घडवण्याचीही ताकीद आहे. एका पैगंबराला, हातात चमत्कार असतानाही, माप चुकवू नकोस असं बजावलं गेलं. कारण कडी सैल राहिली तर ते चिलखत घालणाऱ्याच्या छातीत भाला शिरणार. मला यापेक्षा मोठं मिस्त्रीकामाचं तत्त्वज्ञान माहीत नाही. गिऱ्हाईकाचा जीव कारागिराकडे अमानत असतो, आणि ती अमानत मायक्रोमीटरनं मोजावी लागते. दुकानाच्या भिंतीवर आयतची तसबीर लावली आणि टाकीत हाताला लागेल ते तेल ओतलं, तर त्या तसबिरीचा काय उपयोग? रोजी हलाल होते ती नीट केलेल्या कामानं. आणि हे गिऱ्हाईकालाही लागू आहे. नीट कामाची मजुरी मारणारा माणूस कुठल्या तोंडानं हलाल-हरामवर बोलणार?

मिरजेला हे वेगळं सांगायला नको. इथल्या सतारी आणि तानपुरे जगभर जातात. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ही कला ज्यांनी उभी केली ती मूळची शिकलगार घराणी, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा ती वाद्यांकडे वळली आणि दुरुस्त करता करता घडवायला शिकली. तारेखालची घोडी केसभर चुकली तर स्वर बिघडतो. त्यांनी ते केसभराचं माप पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, म्हणून आज त्यांच्या गल्लीला मान आहे. शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजला तो मान का मिळू नये? केसभराचं माप तर तिथेही आहे.

मग करायचं काय? मोठ्या योजनांची वाट पाहण्यापेक्षा हाताशी असलेल्या तीन-चार गोष्टी सांगतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. सुतार, माळी, कुंभार अशी उदाहरणं तिथे दिली आहेत. आपल्या शाळांनी त्यात मोटार मिस्त्री घ्यावा. मुलांना तिथे पाने उचलायला पाठवायचं नाही. मायक्रोमीटर वाचायला, झाकणावरची सूचना मराठीत आणि उर्दूत लिहून काढायला पाठवायचं. पुढे जो गॅरेजमध्येच जाईल तो डोळे उघडे ठेवून जाईल. जो जाणार नाही तो निदान मजुरीवर घासाघीस करणार नाही.

दुसरं, जी पोरं आज कामाला आहेत त्यांच्यासाठी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, तिथे तडजोड नको. पण जी मोठी आहेत त्यांना आठवड्यातून एक तास पुरे. मशिदीचा हॉल असतो, शाळेचा वर्ग संध्याकाळी रिकामा असतो. गाड्या झपाट्यानं बदलताहेत. 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं. आता ब्रेकमध्ये सेन्सर आहे, वायर आहे, संगणक आहे. नुसत्या हाताच्या अंदाजावर जगणारा मिस्त्री येत्या दहा वर्षांत उरणार नाही. हुनर हाती आहे म्हणून पोट भरेल, हा दिलासा आता खोटा होत चालला आहे.

तिसरं, ही पोरं काय श्वासात घेतात तेही पाहावं. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. ती भुकटी हवेच्या पाइपनं उडवून साफ करायची पद्धत अजून गेलेली नाही. ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुष्कळ वाचतं. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

आणि चौथं, माझ्या-तुमच्यासाठी. ब्रेकचं काम द्याल तेव्हा किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. डिस्कची जाडी किती भरली? कॅलिपर पिनांवर सरकतो का? टाकीत कुठलं तेल घालणार, बाटली दाखव. जो उत्तर देईल त्याला मागेल ती मजुरी द्या.

एक आक्षेप मला मुलानंच घेतला. "अब्बा, एवढ्या खर्चात जुन्या गाडीला काय कुरवाळायचं? विकून टाकू." त्याचं चूक नाही. वस्तू जपण्याचीही एक मर्यादा असते, 3.5 मिलिमीटरसारखी. तिच्याखाली गेली की आठवण असली तरी सोडायची. वडिलांची ती डिस्क मी परत बसवू दिली नाही, घरी आणली. गाडी अजून त्या मर्यादेच्या वर आहे, म्हणून ठेवली. उद्या सांगाडा तडकला तर तीही सोडेन. जपायचं कशाला आणि टाकायचं कशाला, हे प्रेमानं ठरत नाही, मोजून ठरतं. प्रेम फक्त मोजण्याची तसदी घ्यायला लावतं.

त्या विद्यार्थ्याकडे मी पुन्हा गेलो. रागवायला गेलो नव्हतो, पण त्याला तसं वाटलं. फुगलेलं सील आणि जुनी डिस्क त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्या बोलीतून निघालेलं तेच सांगितलं, जे मला चाचांनी सांगितलं होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, पोरग्याला काय झालं असतं तर?" मी म्हणालो, "तर दोघांनाही जबाब द्यावा लागला असता. मीच तुला भागव म्हणालो होतो."

शुक्रवारी त्याचं गॅरेज बंद असतं. जुम्मा झाला की तो आता चाचांकडे जातो. कधीमधी मीही जातो. टाक्यांच्या झाकणांवर काय काय लिहिलेलं असतं ते आम्ही एका वहीत मराठीत आणि उर्दूत उतरवून घेतोय. आत्तापर्यंत अकरा पानं झाली. शब्द तो शोधून आणतो, अर्थ आम्ही मिळून लावतो, आणि चूक निघाली की चाचा वहीवर लाल पेन्सिलीनं रेघ मारतात. जुनी डिस्क त्याच्या गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर टांगली आहे. तिच्याखाली त्यानं ऑइल पेंटनं लिहिलंय: 'आधी मोजा.' शुद्धलेखनाची चूक एकही नाही.